चाचा रामगुलाम

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. नकाशात मादागास्करच्या उजव्या हाताला एक ठिपका दिसतो, तेच हे बेट. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे त्याच्यापेक्षा मोठे आहेत. या बेटावर मूळचे असे रहिवासी कोणीच नव्हते. जे आले ते सारे समुद्रावरून आले. आधी डच आले आणि निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी उसाचे मळे काढले आणि मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून व मादागास्करमधून माणसे गुलाम म्हणून आणली. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले, पण जमिनी आणि साखरेचे कारखाने फ्रेंच घराण्यांकडेच राहिले.

१८३५ मध्ये तेथील गुलामगिरी बंद झाली. आता ऊस तोडायचा कोणी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे अशी बेटावर उतरली. त्यांत बिहारकडचे भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त होते. तमिळ आणि तेलुगू बोलणारे होते. कोकणातले आणि घाटावरचे मराठी बोलणारेही होते. हिंदू होते तसे मुसलमानही होते. गुजरातेतून मुसलमान व्यापारी आपल्या खर्चाने आले आणि त्यांनी पोर्ट लुई या राजधानीच्या शहरात कापडाच्या व धान्याच्या पेढ्या काढल्या. चीनमधून आलेल्या लोकांनी गावोगावी किराणा दुकाने थाटली. गुलामांचे वंशज क्रिओल म्हणून ओळखले जाऊ लागले. इतक्या तऱ्हेची माणसे एका लहान बेटावर राहू लागली. पण मालक मूठभरच होते.

मजुरांच्या या लोंढ्यात १८९६ साली बिहारमधून मोहित नावाचा एक अठरा वर्षांचा तरुण आला. त्याने मळ्यात काम केले, पुढे बासमती नावाच्या स्त्रीशी लग्न केले. १८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रीव्ह या गावी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव शिवसागर. घरात त्याला केवल म्हणत. हाच मुलगा पुढे मॉरिशसचा पहिला पंतप्रधान झाला.

त्यांचे आडनाव रामगुलाम. हे नाव जरा नीट पाहा. त्यात राम आहे आणि गुलामही आहे. दुसरा शब्द तुमच्या उर्दूच्या पुस्तकात तुम्हांला रोज भेटतो. बिहारच्या खेड्यांत अशा नावाचे कोणाला नवल वाटत नसे.

केवल सात वर्षांचा असताना वडील वारले. बारा वर्षांचा असताना गोठ्यात अपघात होऊन त्याचा डावा डोळा गेला. मजुराच्या घरात शिक्षणाला महत्त्व देण्याची रीत नव्हती. मूल दहा वर्षांचे झाले की उसाच्या शेतात जाई. पण केवलला शाळेची ओढ होती. संध्याकाळी तो गावच्या बैठकेत जाई. बैठका म्हणजे मजूर वस्तीतील साधी झोपडी. तेथे मुलांना आपली भाषा आणि आपल्या धर्माच्या चार गोष्टी शिकवीत. दिवसा सरकारी शाळेत इंग्रजी व फ्रेंच चाले. एका डोळ्याने वाचत वाचत त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि क्युरपीप येथील रॉयल कॉलेजात प्रवेश मिळवला. तेथे मळेवाल्यांची मुले शिकत. मजुराचा मुलगा त्यांच्या शेजारी बसला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९२१ साली रामगुलाम वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. भावाने पैशाची मदत केली. हे शिक्षण काही वर्षांत संपायला हवे होते, पण ते चौदा वर्षे तेथे राहिले. याचे कारण असे की त्यांचे मन औषधांत जितके रमे तितकेच राजकारणात रमे. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये चालणाऱ्या सभांना ते जात. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी १९३१ मध्ये लंडनला आले तेव्हा त्यांनी त्यांची भेट घेतली. गांधीजींना मॉरिशस नवीन नव्हते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतताना त्यांचे जहाज या बेटावर थांबले होते आणि तेव्हा त्यांनी मजुरांच्या हालांची चौकशी केली होती.

१९३५ साली डॉक्टर होऊन रामगुलाम परतले. त्यांनी पोर्ट लुईमध्ये दवाखाना सुरू केला. बेटावर त्या वेळी असंतोष धुमसत होता. १९३६ साली मॉरिस क्युरे या क्रिओल डॉक्टरांनी मजूर पक्षाची स्थापना केली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या पक्षाला पुढे लोक हिंदूंचा पक्ष म्हणू लागले, तो सुरू करणारा माणूस ख्रिस्ती क्रिओल होता. त्याच्या पहिल्या सभांत क्रिओल गोदी कामगार आणि हिंदी ऊसतोडणी मजूर एकत्र बसत. क्युरे यांच्यानंतर इमॅन्युएल आंकेतिल आणि गी रोझमाँ हे क्रिओल पुढारीच पक्षाचे नेते झाले. १९३७ साली फ्लाक भागातील एका मळ्यावर संपकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. १९४३ साली बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात चार जण ठार झाले आणि त्यांत अंजली कुपेन नावाची एक गरोदर मजूर स्त्री होती.

रामगुलाम मात्र आरंभी या पक्षात नव्हते. १९४० साली त्यांनी काही मित्रांसह 'अ‍ॅडव्हान्स' नावाचे वर्तमानपत्र काढले. त्याच वर्षी गव्हर्नरने त्यांना विधिमंडळावर नेमले. तेथे बसून त्यांनी मजुरांची बाजू मांडली आणि मताधिकार वाढवण्याची मागणी लावून धरली. त्या काळी मालमत्ता असणाऱ्यालाच मत होते. चार लाखांहून अधिक लोकसंख्येच्या बेटावर मतदार होते अवघे बारा हजारांच्या आसपास.

१९४७ साली नियम बदलला. बेटावरील एखाद्या भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळू लागले. मग बैठकांत एकच धांदल उडाली. दिवसभर ऊस तोडून आलेले मजूर रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागले. पंडित बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगाव फिरून लोकांना सही करायला शिकवीत होते. मतदारांची संख्या एकदम सत्तर हजारांवर गेली. १९४८ च्या निवडणुकीत रामगुलाम पांपलमूस आणि रिव्हिएर द्यू रांपार या ग्रामीण भागातून निवडून आले.

या निवडणुकीने एक आनंद दिला आणि एक भीती निर्माण केली. निवडून द्यायच्या १९ जागांपैकी ११ जागी हिंदू उमेदवार आले. मुसलमान मात्र एकही आला नाही. बेटावर दर सहा माणसांत सुमारे एक मुसलमान होता. पण तो सगळीकडे विखुरलेला असल्याने कोठेच बहुसंख्य नव्हता. क्रिओल लोकांनाही वाटू लागले की उद्या सर्वांना मत मिळाले तर हिंदी लोकांचेच राज्य येईल. मालक वर्गाने ही भीती नेमकी हेरली. ज्यूल कोनिग यांच्या नेतृत्वाखाली एक विरोधी पक्ष उभा राहिला. त्याचेच पुढे पी.एम.एस.डी. या नावाने रूपांतर झाले. मळ्याचा गोरा मालक आणि त्याच्या आजोबांनी ज्यांना गुलाम केले होते त्यांचे वंशज हळूहळू एका झेंड्याखाली आले. गरीब क्रिओल कामगार मजूर पक्षाकडून तिकडे सरकू लागला. १९५६ साली रोझमाँ वारले आणि पक्षाची सूत्रे रामगुलाम यांच्या हाती आली. पक्षाचा रंग आता बदलला होता.

हिंदूंमध्येही सारे रामगुलामांच्या मागे नव्हते. पंडित बासदेव यांचे धाकटे बंधू सुकदेव बिसुनदयाल यांनी १९५८ साली आपला वेगळा पक्ष काढला. मजूर पक्षाचे पुढारी गरीब शेतमजुरांना विसरले, असे ते बोलत. मुसलमानांचे नेते अब्दुल रझाक मोहम्मद यांनी कोमिते दाक्सियाँ मुसुलमाँ, म्हणजे मुस्लिम कृती समिती, हा पक्ष स्थापन केला. मोहम्मदसाहेबांचा जन्म १९०६ साली कलकत्त्यात झाला होता. व्यापारासाठी ते मॉरिशसला आले, पोर्ट लुईचे महापौर झाले. मुसलमानांना विधिमंडळात हमखास जागा हव्यात, हा त्यांचा आग्रह. आपल्या देशात १९०९ साली स्वतंत्र मतदारसंघ आले आणि त्यांतून पुढे काय काय घडले, हे इतिहासाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. मॉरिशसमध्येही तीच वाट धरली गेली असती.

रामगुलाम यांनी मोहम्मदसाहेबांना शत्रू मानले नाही. १९५९ साली सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. त्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्ष आणि मुस्लिम कृती समिती यांनी हातमिळवणी केली आणि बहुमत मिळवले. १९६१ साली रामगुलाम मुख्यमंत्री झाले. १९६३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४० पैकी १९ जागाच मिळाल्या, म्हणजे स्वबळावर बहुमत नव्हते. तेव्हा सर्व पक्षांना घेऊन मंत्रिमंडळ बनवण्यात आले. एकाच टेबलाभोवती एकमेकांचे वैरी बसले. ते फार काळ टिकले नाही हे खरे, पण रामगुलामांची काम करण्याची रीत यातून दिसते. ते चटकन रागावत नसत, बोलत कमी, ऐकत जास्त. ज्याच्याशी आज भांडण झाले त्याला उद्या चहाला बोलवावे लागेल, हे धरूनच ते भांडत.

आता मुख्य प्रश्न आला. बेट स्वतंत्र व्हावे की नाही? रामगुलाम म्हणत, व्हावे. पी.एम.एस.डी. म्हणे, ब्रिटनशी संबंध ठेवावेत आणि आधी लोकांचा कौल घ्यावा. या पक्षाला आता गेतां दुवाल नावाचे तरुण, देखणे, सभा गाजवणारे वकील पुढारी लाभले होते. मे १९६५ मध्ये हिंदू आणि क्रिओल यांच्यात दंगे झाले, आणीबाणी पुकारावी लागली. सप्टेंबरमध्ये लंडनला परिषद भरली. तेथे स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला, पण त्याची एक किंमत पडली. मॉरिशसपासून दूर असलेली चागोस बेटे इंग्रजांनी वेगळी काढून आपल्याकडे ठेवली आणि बदल्यात ३० लाख पौंड दिले. त्यांतील दिएगो गार्सिया या बेटावर पुढे अमेरिकेचा लष्करी तळ झाला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना १९७३ पर्यंत हलवण्यात आले. त्यांतील बरेच जण पोर्ट लुईच्या झोपडवस्तीत दिवस काढू लागले. रामगुलाम यांनी संमती दिली नसती तर स्वातंत्र्य अडले असते का, यावर मॉरिशसमध्ये पुष्कळ वाद झाला. संमती दिली ही गोष्ट मात्र त्यांच्या नावावरून पुसता येत नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदेशीर असल्याचे मत दिले आणि २०२५ साली ब्रिटनने चागोसवरील मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली.

निवडणूक कशी घ्यायची, यावरही बराच खल झाला. शेवटी निघालेली तोड समजून घेण्याजोगी आहे. बेटाचे २० मतदारसंघ केले. प्रत्येक मतदारसंघातून तीन प्रतिनिधी आणि प्रत्येक मतदाराला तीन मते. त्यामुळे पक्षाला तीन उमेदवार उभे करताना निरनिराळ्या समाजांची माणसे घ्यावी लागत. रॉड्रिग्ज या लहान बेटाच्या दोन जागा धरून एकूण ६२ जागा झाल्या. याशिवाय आठ जागा राखून ठेवल्या. त्या पडलेल्या उमेदवारांसाठी!

हे ऐकून तुम्हांला हसू येईल. पण समजा, निकाल लागल्यावर दिसले की एखाद्या समाजाचे लोक त्याच्या संख्येच्या मानाने फारच कमी निवडून आले आहेत. तर त्या समाजाच्या पराभूत उमेदवारांपैकी ज्याला सर्वांत चांगली मते पडली असतील त्याला विधिमंडळात घ्यायचे. पहिल्या चार जागा अशा समाज पाहून भरायच्या. उरलेल्या चार देताना पक्षांचे बळ बिघडणार नाही हेही पाहायचे. त्यासाठी लोकसंख्येचे चार भाग मानले: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सर्व म्हणजे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. मोहम्मदसाहेबांना हवी होती ती हमी मिळाली आणि स्वतंत्र मतदारसंघही टळले. मुसलमान उमेदवाराला हिंदूंची मते मागायला जावेच लागे आणि हिंदूला मुसलमानांची. यात एक खोट राहिली. उमेदवाराला अर्जात आपला समाज लिहावा लागे. मी फक्त मॉरिशसचा, असे लिहिण्याची सोय नव्हती. १९७२ नंतरच्या जनगणनांत समाज विचारणे बंद झाले, तरी जागा वाटताना त्या जुन्या आकड्यांचाच आधार घेतला जाऊ लागला. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने या सक्तीवर आक्षेप घेतला. जी तोड एका पिढीला भीतीतून सोडवते, ती पुढच्या पिढीला काचू लागते.

७ ऑगस्ट १९६७ रोजी निवडणूक झाली. मजूर पक्ष, मोहम्मदसाहेबांची समिती आणि बिसुनदयाल यांचा पक्ष हे तिघे स्वातंत्र्यासाठी एकत्र आले. त्यांना ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या. दुवाल यांना २३. जागांकडे पाहिले तर विजय मोठा वाटतो. पण मते पाहा: इकडे सुमारे ५५ टक्के, तिकडे जवळजवळ ४४ टक्के. म्हणजे शंभरातील चव्वेचाळीस माणसांनी स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला मत दिले होते. कितीतरी क्रिओल आणि गोऱ्या कुटुंबांनी घरदार विकले आणि ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

आणि मग जानेवारी १९६८ उजाडला. स्वातंत्र्याला दोन महिनेही उरले नव्हते. पोर्ट लुईच्या गरीब मोहल्ल्यांत मुसलमान आणि क्रिओल तरुणांच्या टोळ्यांत चकमक झाली आणि पाहता पाहता दंगल पेटली. या मोहल्ल्यांत दोन्ही समाजांची घरे भिंतीला भिंत लावून होती. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायका आता एकमेकींच्या दारावरून जायला घाबरू लागल्या. पंचवीसहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. मुसलमान कुटुंबे क्रिओल वस्तीतून उठून प्लेन व्हेर्त भागात गेली आणि तिकडची क्रिओल कुटुंबे बाहेर पडली. बैलगाड्यांवर, हातगाड्यांवर संसार लादून लोक इकडून तिकडे जात होते. अशी दृश्ये आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनीही पाहिली आहेत; त्यांना अधिक सांगायला नको. दंगल आवरण्यासाठी सिंगापूरहून इंग्रज सैनिक बोलवावे लागले. ज्यांना घालवायचे त्यांनाच पहाऱ्याला बोलवावे लागले, याचे रामगुलामांना किती दुःख झाले असेल!

१२ मार्च १९६८ हा दिवस स्वातंत्र्यासाठी ठरला होता. गांधीजींची दांडीयात्रा १९३० साली याच तारखेला सुरू झाली होती. समारंभासाठी इंग्लंडहून राजकन्या येणार होती, दंगलीमुळे तिचे येणे रद्द झाले. शाँ द मार्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दुपारी बारा वाजता तांबडा, निळा, पिवळा आणि हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. दुवाल यांच्या पक्षाने समारंभावर बहिष्कार टाकला होता. सदुसष्ट वर्षांचे रामगुलाम पंतप्रधान झाले खरे, पण अर्ध्या देशाने दारे लावून घेतली होती. साखर हेच एक उत्पन्न, तरुणांना काम नाही. असे बेट टिकेल कसे, अशी शंका मोठमोठे अर्थतज्ज्ञ घेत होते.

रामगुलामांनी दुवाल यांनाच सरकारात बोलावले. १९६९ च्या अखेरीस पी.एम.एस.डी. मंत्रिमंडळात आली. ज्याने स्वातंत्र्याला विरोध केला तो माणूस स्वतंत्र मॉरिशसचा परराष्ट्रमंत्री झाला! बिसुनदयाल रागावून सरकारबाहेर राहिले आणि विरोधी पक्षनेते झाले. पण शहरातला क्रिओल माणूस आता सरकारला पाहुण्यांचे सरकार मानीनासा झाला. जगाच्या बाजारासाठी माल तयार करणारे कारखाने १९७० नंतर निघू लागले. तेथे सगळ्या समाजांच्या मुली शेजारी शेजारी बसून कपडे शिवू लागल्या.

या मैत्रीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन मोठे पक्ष एकत्र आल्यावर १९७२ साली होणारी निवडणूक त्यांनी घटनादुरुस्ती करून १९७६ पर्यंत पुढे ढकलली. लोकांना चार वर्षे मतच देता आले नाही. १९६९ साली पॉल बेरांजे आणि त्यांच्या मित्रांनी एम.एम.एम. हा नवा पक्ष काढला होता. जात-धर्म सोडा, कामगार म्हणून एक व्हा, असे ही तरुण मंडळी सांगत. या पक्षाच्या देव विरासामी यांनी १९७० साली रामगुलामांच्याच भागातील पोटनिवडणूक जिंकली. १९७१ मध्ये गोदीत संप झाले. सरकारने आणीबाणी लावली, कामगार संघटनांवर बंदी घातली, वर्तमानपत्रांवर नियंत्रण आणले आणि एम.एम.एम.च्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. ज्यांनी मजुराला मत मिळावे म्हणून आयुष्य वेचले, त्यांनीच ते मत पेटीत कुलूपबंद करून ठेवावे, हे शोभले नाही. दंगलीची आठवण ताजी होती, असे त्यांचे समर्थक सांगत. तुरुंगात गेलेले तरुण मात्र दंगल करणारे नव्हते.

१९७६ साली निवडणूक झाली तेव्हा लोकांनी उत्तर दिले. एम.एम.एम.ला ३४ जागा, रामगुलामांच्या आघाडीला २८, दुवाल यांना ८. रामगुलामांनी दुवाल यांचे आठ जोडून छत्तीसचे बहुमत जमवले आणि सरकार टिकवले. सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला. याच सुमारास त्यांनी घेतलेला एक निर्णय मात्र बेटावरच्या घराघरांत पोचला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मजुराच्या, कोळ्याच्या, दुकानदाराच्या मुलीही मोठ्या संख्येने हायस्कुलात जाऊ लागल्या. तेथील शाळांत इंग्रजी-फ्रेंचबरोबर पूर्वजांच्या भाषाही शिकवतात. एका वर्गात उर्दूचा तास चालू असतो आणि पलीकडच्या वर्गात मराठीचा. अलिफ-बे आणि अ-आ यांचे आवाज एकाच व्हरांड्यात ऐकू येतात.

लोक आता त्यांना चाचा म्हणत. चाचा म्हणजे कोण, हे तुम्हांला समजावून सांगायला नको. हिंदू म्हणत, मुसलमान म्हणत आणि क्रिओल भाषेत बोलणारेही चाचाच म्हणत.

पण चाचा थकले होते. सरकारात वशिलेबाजी वाढली, महागाई वाढली, बेकारी वाढली. सरकारी नोकऱ्या हिंदूंनाच मिळतात, अशी क्रिओल लोकांची तक्रार होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. ११ जून १९८२ रोजी निवडणूक झाली. मॉरिशस बेटावरील साठच्या साठ जागा एम.एम.एम. आणि तिच्या मित्रपक्षाने जिंकल्या. रामगुलाम स्वतः आपल्या मतदारसंघात पडले. ज्या पांपलमूसच्या लोकांनी त्यांना १९४८ पासून निवडून दिले, त्यांनीही पाठ फिरवली. राखीव जागांच्या नियमाने दुवाल यांच्या पक्षाला दोन जागा मिळाल्या. मजूर पक्षालाही दोन मिळाल्या, पण त्यांत चाचा नव्हते. बहुसंख्य समाजाचे प्रतिनिधी भरपूर निवडून आले होते. दुबळ्यांसाठी केलेल्या नियमात त्यांच्यासाठी जागा कशी असणार?

त्या काळी स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांत असा निकाल लागला की रात्रीतून रणगाडे रस्त्यावर येत, मतपेट्या गायब होत. एक्याऐंशी वर्षांच्या रामगुलामांनी निकाल मान्य केला, पंतप्रधानपद सोडले आणि ते घरी गेले. ज्या तरुणांना त्यांच्या सरकारने तुरुंगात टाकले होते, ते मंत्र्यांच्या खुर्च्यांवर बसले. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. वर्षभरातच नव्या सरकारात फूट पडली आणि पुन्हा निवडणूक झाली. जगन्नाथ यांनी आता मजूर पक्ष आणि दुवाल यांना बरोबर घेतले. १९८३ च्या अखेरीस त्यांनी ज्यांना हरवले होते त्या रामगुलामांनाच गव्हर्नर जनरल केले. एके काळी गोरा गव्हर्नर ज्या ल रेद्वीच्या वाड्यात राही, तेथे मजुराचा मुलगा राहायला गेला. १५ डिसेंबर १९८५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पांपलमूसच्या प्रसिद्ध बागेत त्यांची समाधी आहे.

मॉरिशसच्या नाण्यांवर रामगुलामांचा चेहरा आहे. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या. दोनशेच्या नोटेवर अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेच्या नोटेवर सुकदेव बिसुनदयाल, हजाराच्या नोटेवर गेतां दुवाल आणि दोन हजारांच्या नोटेवर चाचा. आयुष्यभर जे एकमेकांविरुद्ध सभा गाजवीत राहिले, ते एका पाकिटात आले. गंमत अशी की या नोटांवरूनही भांडण झालेच. नोटेवर तमिळ अक्षरे हिंदीच्या आधी असत, ती या वेळी नंतर छापली गेली होती. तमिळ समाजाने निषेध केला. सरकारने त्या नोटा परत घेतल्या आणि पूर्वीच्या क्रमाने नव्या छापल्या. चेहरे मात्र तेच ठेवले.